जोखीम जवळ आहे



या व्याख्यानमालेत आजवर ज्ञानेश्वरी झाली, शिवकाल झाला, मागच्या वर्षी नाटक झालं. यंदा विमा. विषय फळ्यावर लागला तेव्हा एका गृहस्थांनी मला दारातच गाठून विचारलं, "म्हणजे शेवटी फॉर्म भरून घेणार का हो?" नाही घेणार. विकणाऱ्यांच्या बाजूला मी कधीच नव्हतो. मी सर्व्हेअर होतो. आग लागली, चोरी झाली, पाणी शिरलं की कंपनी ज्याला पाठवते आणि जो नुकसान मोजून अहवाल लिहितो, तो माणूस. दिल्ली, नोएडा, गुडगाव, फरिदाबाद या पट्ट्यात एकतीस वर्षं हेच केलं. लोकांच्या दारी मी कायम त्यांच्या वाईट दिवशीच गेलो. चहा मात्र सगळीकडे चांगला मिळाला.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो ते फोटोग्राफर होते, हे इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. पहाडगंजात जिन्याखाली त्यांचा स्टुडिओ होता आणि इथल्या निम्म्या घरांतल्या मुंजी-लग्नांचे फोटो त्यांचे आहेत. त्यांनी आयुष्यात कधी कॅमेऱ्याचा विमा उतरवला नाही. पण लग्नाला जाताना दोन कॅमेरे नेत आणि महत्त्वाचे विधी दोन्हींवर घेत. सगळे रोल एका दिवशी कधी धूत नसत. आज निम्मे, उद्या निम्मे. रसायन बिघडलेलं निघालं तर अर्धं लग्न तरी वाचावं. याला विमा म्हणायचं की धंद्याची रीत? मला वाटतं, दोन्ही.

आपल्या भाषेला हे फार पूर्वीपासून कळलेलं आहे. आजीबरोबर एसटीने जाताना ती कानात सांगायची, "झोपू नकोस, जोखीम जवळ आहे." जोखीम म्हणजे पाटल्या आणि बिलवर. आणि जोखीम म्हणजे त्या चोरीला जाण्याचं भय. मोलाची वस्तू आणि तिच्यापायी येणारा धोका, दोघांना मराठीने एकच शब्द दिला. व्यापाऱ्यांची 'जोखमी हुंडी' असे, ती याच अर्थाने. माल जहाजावर चढला की हुंडी निघे, आणि जहाज सुखरूप पोचलं तरच तिचे पैसे देणं लागे. बुडालं तर हुंडी घेणाऱ्याचं नशीब. कर्ज आणि विमा एकाच कागदावर. तेव्हा विमा हे साहेबाने शिकवलेलं काहीतरी आहे, ही समजूत आपण सोडून द्यावी.

आणि दिल्लीत बसून बोलतोय म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो, थोडी अभिमानाची. १९ जानेवारी १९५६ला आयुर्विमा सरकारच्या ताब्यात गेला तेव्हा अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख होते. १३ मे १९७१ला आग, चोरी, अपघात यांचा विमा करणाऱ्या कंपन्यांचा कारभार सरकारने हाती घेतला तेव्हा अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण. १ जानेवारी १९७३पासून १०७ कंपन्यांच्या चार झाल्या आणि त्यातल्या ओरिएंटलचं मुख्यालय इथं दिल्लीत आलं. दोन्ही वेळा अर्थखातं सांभाळणारा हात मराठी होता. विमा उतरवणारा हात मात्र अजून फारसा मराठी दिसत नाही, निदान फोटोग्राफरांत तरी.

चांदनी चौकात कूचा चौधरी आहे. कॅमेऱ्यांचा बाजार. लेन्स, फ्लॅश, ट्रायपॉड, जुना कॅमेरा देऊन नवा घेणं, सगळं तिथं. त्याच चांदनी चौकात कूचा महाजनी आहे, सोन्याचांदीचा. तिथं आपली विटा, खानापूर, आटपाडीची गलाईवाली मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सोनं गाळतात. सोन्याच्या धंद्यासाठी 'ज्वेलर्स ब्लॉक' नावाची तयार पॉलिसी कधीपासून आहे. माल दुकानात असो, कुणाच्या ताब्यात असो, वाटेत असो, प्रदर्शनात असो, एकाच कागदात सगळं. फोटोग्राफरला मात्र बहुतेक वेळा तुकडे जोडावे लागतात. आगीचं एक, चोरीचं एक, बाहेर नेलेल्या सामानाचं एक. गोधडीसारखं. आणि गोधडीत नेमकं जिथं शिवण उसवलेली असते तिथूनच थंडी शिरते.

पहिली उसवण बिलाची. कूचा चौधरीत दोन भाव सांगतात, 'पक्क्या बिला'चा आणि बिनबिलाचा. अठरा टक्के जीएसटी वाचतो म्हणून पोरं दुसरा घेतात. चोरी झाल्यावर मी विचारायचो, खरेदीचं बिल? मग ड्रॉवर उघडायचा आणि त्यातून एक चिठ्ठी निघायची. त्यावर पेनाने 'लेन्स १' आणि एक रकमेचा आकडा. दुकानाचं नावसुद्धा नाही. वस्तू तुमची होती, तीच होती, तेवढ्या किमतीची होती, हे सिद्ध कशाने करणार? म्हणून मी दर फोटोग्राफरला सांगत आलो की कॅमेरा उलटा करा, खालच्या पट्टीवरच्या सिरियल नंबरचा मोबाइलवर फोटो काढा आणि स्वतःलाच ईमेल करा. जो दिवसाला हजार फोटो काढतो तो हा एक काढत नाही.

दुसरी उसवण चोरी या शब्दाची. आपल्याला चोरी म्हणजे चोरी. पॉलिसीत तसं नसतं. 'बर्गलरी'च्या पॉलिसीत साधारणपणे असं लिहिलेलं असतं की बळजबरीने, तोडफोड करून आत शिरून केलेली चोरी. हरचंद राय चंदनलाल यांच्या खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं. व्याख्येत बळाचा वापर लिहिलेला असेल तर कोर्टाला ती व्याख्या सैल करता येत नाही. म्हणजे कुलूप तुटलं तर क्लेम, आणि स्टुडिओच्या उघड्या दारातून कुणी बॅग उचलून नेली तर नाही. आता दिल्लीतली 'ठक-ठक' टोळी आठवा. सिग्नलला काचेवर टकटक होते, तुमच्या गाडीखालून तेल गळतंय म्हणून सांगतात, तुम्ही उतरून वाकता आणि मागच्या सीटवरची बॅग दुसऱ्या दाराने जाते. ना काच फुटली, ना कुलूप. हे बर्गलरीत बसत नाही. बाहेर नेलेल्या सामानाची वेगळी पॉलिसी असेल तरच आशा, आणि तिच्यातही गाडीत कुणी नसताना ठेवलेल्या सामानाबद्दल एक ओळ असते. ती ओळ पैसे भरण्याआधी वाचायची असते. नंतर ती मी वाचून दाखवायचो, आणि मला लोक शिव्या घालायचे. बरोबरच होतं, तेव्हा समोर दुसरं कोण होतं?

पोलिसांत जाताना एक चूक फार होते. ऑनलाइन 'लॉस्ट रिपोर्ट' नोंदवून माणूस निश्चिंत होतो. ती वस्तू हरवल्याची नोंद, चोरीचा एफआयआर नव्हे. ठाण्यातला हवालदारही कधीकधी तेच सुचवतो, त्याचंही काम वाचतं. चोरी झाली असेल तर चोरी लिहा, आणि कंपनीला त्याच दिवशी कळवा. कळवायला उशीर झाला या एवढ्याच कारणावरून खरा दावा बुडवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने गाडीचोरीच्या प्रकरणात २०२०मध्ये सांगितलं आहे. पण त्यात एफआयआर ताबडतोब झालेला होता. सगळी भिस्त त्यावर होती.

तिसरी उसवण रकमेची. आठ लाखांचं सामान. हप्ता कमी पडावा म्हणून पाच लाखांचा विमा. पोराचा हिशोब असा की सगळं एकदम थोडंच जाणार आहे, फार तर दोन लाखांचं जाईल, पाचात बसेल. बसत नाही. पॉलिसीत 'ॲव्हरेज'चं कलम असेल तर कंपनी म्हणते, आठातल्या पाच भागांचा विमा तुम्ही आमच्याकडे उतरवला, उरलेल्या तीन भागांची विमा कंपनी तुम्हीच. म्हणून दोन लाखांच्या नुकसानीचे सव्वा लाख. त्यातून घसारा, त्यातून 'एक्सेस', म्हणजे ठरलेला पहिला तोटा तुमचा. छोट्या धंद्यांसाठी १ एप्रिल २०२१पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी आहे, पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेला. तिच्यात पंधरा टक्क्यांपर्यंतची कमतरता माफ आहे. आग, पूर, वादळ यांना चांगली आहे. पण चोरी तिच्यात त्या आगीपुराच्या पाठोपाठ सात दिवसांत झाली तरच. आणि ती मुळात जागेची पॉलिसी. कॅमेरा काही जागेवर बसायला घेतलेला नसतो.

तरी जागा विसरू नका. २४ नोव्हेंबर २०२२च्या रात्री भागीरथ पॅलेसच्या विजेच्या बाजारात लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती. कूचा चौधरी तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. तीच तारांची जाळी, त्याच गल्ल्या, ज्यांतून बंब जात नाही. आणि पाणी? ९ जुलै २०२३ला दिल्लीत चोवीस तासांत १५३ मिलिमीटर पाऊस झाला, चार दिवसांनी यमुना २०८.६६ मीटरवर गेली. दिल्लीतल्या किती एडिटिंगच्या खोल्या तळघरात आहेत, मोजा. भाडं कमी, अंधार फुकट.

तळघरातल्या एका फडताळावरच्या लेन्स मी पाहिल्या आहेत. पाणी उतरून आठवडा झाला होता. बाहेरून पुसून स्वच्छ केलेल्या. मालक म्हणाला, काहीच झालेलं नाही बहुतेक. मी एकीची फोकसची कडी हळूच फिरवली. खसखस दळल्यासारखा आवाज आला. आत गाळ होता. दुसरी उजेडाकडे धरली तर काचेच्या कडेने कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे. ती बुरशी. आणि इथं पंचाईत सुरू झाली. एवढी दाट बुरशी आठवड्यात येत नाही. पुराने झालेलं नुकसान भरून मिळतं. दमट हवेने वर्षभर हळूहळू झालेलं मिळत नाही. कुठली लेन्स पुराची आणि कुठली कपाटाची, हे ठरवण्यात माझे दोन दिवस गेले. त्या माणसाला वाटलं मी कंपनीचे पैसे वाचवतोय. मला वाटत होतं मी खरं लिहितोय. दोघांचंही पूर्ण खरं नसावं.

इथवर सगळं सामानाबद्दल झालं. पण मी आज आलो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी.

मे महिना, छतरपूरकडचं एक फार्महाउस, हिरवळीवर लग्न. नोएडात धंदा करणारा एक मराठी मुलगा तिथं फोटोग्राफर. जयमालेसाठी त्याने स्टेजच्या दोन्ही बाजूंना उंच स्टँड उभे केले होते. वर फ्लॅश आणि पांढरी मोठी छत्री. साडेआठला आंधी आली. दिल्लीची मे महिन्यातली आंधी ज्याने पाहिली त्याला सांगायला नको, एका मिनिटात आकाश पिवळं होतं. छत्रीने वारा धरला. स्टँड पहिल्या रांगेवर पडला आणि नवऱ्याच्या आत्याचं, म्हणजे बुआजींचं, गळपट्टीचं हाड मोडलं.

मुलाकडे सामानाचा विमा होता. चांगला, पक्क्या बिलांसकट, सिरियल नंबरांसकट. माझ्याकडे ते काम आलं. फ्लॅश बावीस हजारांचा, घसारा जाऊन सोळा, एक्सेसचे पाच वजा, हातात अकरा. मी हिशोब समजावून सांगत होतो. त्याने पॉलिसीची यादी पुढे ओढली. एक नंबर कॅमेरा, दोन नंबर कॅमेरा, तीन ते सहा लेन्स, सात नंबर फ्लॅश. यादीवर बोट ठेवून म्हणाला, "काका, यात बुआजी कुठं बसतात?"

कुठंच बसत नव्हत्या. शस्त्रक्रियेचे एक लाख ऐंशी हजार झाले होते. लग्नवाल्यांनी उरलेले पैसे अडवले ते वेगळेच. त्याने सत्तर-दोनशेची लेन्स विकली, म्हणजे ज्या लेन्सचा विमा होता ती.

आपण ज्याची किंमत आपल्याला माहीत असते त्याचा विमा उतरवतो. कॅमेऱ्याला किंमत आहे, बिल आहे, हप्ते चालू आहेत, काळजी तिथं जाते. पण कॅमेरा गेला तर जास्तीत जास्त कॅमेरा जातो. त्याच्यापलीकडे तोटा जात नाही. दुसऱ्याचं हाड, दुसऱ्याचा डोळा, दुसऱ्याच्या हॉलचा जळलेला पडदा, याला वरची हद्दच नाही. धंद्याची सुरुवात करणाऱ्या पोराकडे एकाच विम्यापुरते पैसे असतील तर त्याने कुठला घ्यावा? माझं उत्तर लोकांना उलटं वाटतं. लायबिलिटीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या जबाबदारीचा, आधी. कॅमेरा भाड्यानेही मिळतो.

दायित्वाच्या कायद्यात दिल्लीचं मोठं नाव आहे, दुर्दैवाने. ४ डिसेंबर १९८५ला श्रीराम फूड्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यातून ओलियम वायू गळला आणि तीस हजारी कोर्टातल्या एका वकिलाचा जीव गेला. भोपाळच्या वायुगळतीला नुकतंच वर्ष झालेलं. वकील एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती भगवतींच्या पीठाने डिसेंबर १९८६मध्ये सांगितलं की घातक धंदा करणाऱ्याला 'आम्ही काळजी घेतली होती' ही सबब नाही. त्यातून १९९१चा पब्लिक लायबिलिटी विम्याचा कायदा आला. तो घातक रसायनं हाताळणाऱ्यांना सक्तीचा आहे. फोटोग्राफरला सक्ती नाही, त्याला साधा निष्काळजीपणाचा नियम लागतो. आंधीच्या महिन्यात, उघड्या हिरवळीवर, वजन न बांधता छत्री लावली का? लावली. संपलं.

सक्ती आहे ती ड्रोनला. २५ ऑगस्ट २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा आवश्यक, फक्त २५० ग्रॅमपर्यंतच्या 'नॅनो'ला सूट. म्हणून लग्नांतून २४९ ग्रॅमवाल्यांची चलती आहे. पण सूट विम्यापासून आहे, जबाबदारीपासून नाही. २४९ ग्रॅमची फिरती पाती पोराच्या डोळ्याला लागली तर वजनकाटा कुणी आणणार नाही. आणि दिल्लीत कितीतरी आकाश उड्डाणाला बंद आहे. बंदी असलेल्या ठिकाणी उडवलेल्या ड्रोनचा क्लेम कुठली कंपनी देईल?

फोटोच गेले तर? कार्ड बिघडलं, हार्ड डिस्क पडली. हा आणखी वेगळा विमा, व्यावसायिक चुकीचा, आणि तो आपल्याकडे फोटोग्राफर क्वचितच घेतात. फिल्मच्या डब्यावर कोडॅक छापत असे की फिल्म सदोष निघाली तर फिल्म बदलून देऊ, त्यापलीकडे जबाबदारी नाही. स्टुडिओच्या पावतीमागेही तसंच काहीतरी असतं. ग्राहक आयोगात त्या छापील ओळीने सुटका होईल या भरवशावर राहू नका. पण पैसे तरी कशाचे देणार? वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला दिल्लीत सायकलवरून कॅमेरे घेऊन फिरायच्या, १९४२पासून जवळजवळ तीन दशकं. ३० जानेवारी १९४८ला त्या बिर्ला हाउसला गांधीजींच्या प्रार्थनासभेला निघाल्या होत्या आणि वाटेतून परत बोलावल्या गेल्या. ती खंत त्यांनी पुढे मुलाखतींतून बोलून दाखवली. न मिळालेल्या फोटोचा सर्व्हे मला कुणी करायला सांगितला असता तर कोरा कागद परत केला असता. त्यासाठी आपल्या पहाडगंजच्या गृहस्थांचीच रीत, दोन कॅमेरे. आज दोन कार्डांचा कॅमेरा.

आणि लाइट धरणारा पोरगा. ओल्या गवतावर, जनरेटरच्या तारेशेजारी, लोखंडी स्टँड हातात धरून मध्यरात्रीपर्यंत उभा असतो. मालकाच्या पॉलिसीत फ्लॅश सात नंबरला असतो, पोरगा नसतो. कामगाराला अपघाताची भरपाई देण्याचा कायदा या देशात १९२३ साली आला. तेवढा विमा काढणं जमत नसेल तर निदान त्याच्या बँक खात्यावर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालू करून द्या. वर्षाला वीस रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख. लग्नात वीस रुपयांचं पान खातो आपण.

क्लेम नाकारला गेला तर काय, हे नेहमी विचारतात. आधी कंपनीला लेखी तक्रार. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. एकट्याच्या मालकीच्या धंद्याला आणि सूक्ष्म उद्योगाला हे दार उघडं आहे, पन्नास लाखांपर्यंत, फी नाही, वकील नाही. दिल्ली आणि गुडगाव, फरिदाबादवाल्यांनी आसफ अली रोडला जायचं, नोएडा-गाझियाबादवाल्यांनी नोएडाला. ग्राहक आयोगही आहे. 'तुमचा विमा धंद्यासाठी होता, तुम्ही ग्राहक नाही' हा युक्तिवाद पूर्वी फार चाले. एप्रिल २०२३मध्ये हरसोलिया मोटर्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो मोडून काढला. विमा नफ्यासाठी काढत नाहीत, तोटा भरून यावा म्हणून काढतात.

तो नोएडाचा मुलगा परवा भेटला. आता त्याच्याकडे पब्लिक लायबिलिटीची पॉलिसी आहे, एका अपघाताला किती आणि वर्षभरात मिळून किती, असे दोन आकडे असलेली. अर्ज भरताना मला फोन केला होता. अपघात टाळण्यासाठी काय खबरदारी घेता, असा एक रकाना असतो. लोक त्यात 'योग्य ती' असं लिहितात. त्याने लिहिलं होतं, दर स्टँडच्या पायाला एक पिशवी, सहा किलो, बदरपूर. बांधकामाच्या जाड रेतीला दिल्लीत बदरपूर म्हणतात, तुम्हाला माहीतच आहे. मी म्हटलं, अरे, किलो कशाला लिहिलेस?

म्हणाला, "वजन करून भरल्यात, काका."